चार स्क्रूंचं दार

"हा उघडतो कुठून?"

तिंद्राने विचारलं आणि कारखाना बघायला आलेली सगळी नववी वळून तिच्याकडे बघू लागली. मागे तिच्या मैत्रिणी मोआ आणि नादिया एकमेकींना कोपरं मारत होत्या. "विचारून दाखव! शनिवारी मिळणाऱ्या खाऊच्या गोळ्यांची माझी अख्खी पुडी तुझी," अशी पैज मोआने बसमध्येच लावली होती. तिंद्राच्या हातात क्रीम फेटायचा एक हँडमिक्सर होता, पिवळट पडलेला, मुठीपाशी तडकलेला. आणि मित्रांनो, त्याच्या आत मी होते.

मी एक जुनी मोटर आहे. आकाराने मुठीएवढी, पण हिंमत विचाराल तर बालदीभर!

कारखाना दाखवणारे इंजिनियर हसले. "तो उघडायचा नसतोच. जोडतानाच कायमचा चिकटवून टाकतो आम्ही."

"मग बिघडला तर?"

"तर नवा घ्यायचा!"

सगळी मुलं हसली. तिंद्रा कानापर्यंत लाल झाली, पण गप्प बसेल तर ती तिंद्रा कसली! "म्हणजे मोटर आत कोंडलीत आणि दारच ठेवलं नाहीत?"

इंजिनियरनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना पुढच्या खोलीत नेलं. मला मात्र तिथून निघवत नव्हतं. कारण त्याच खोलीत माझा जन्म झाला होता.

तिथे गुन्वोर नावाच्या बाईने माझ्या अंगावर तांब्याची तार गुंडाळली होती, वेढ्याला वेढा लागून, जशी आजी लोकरीचा गुंडा करते तशी. काम संपल्यावर तिने मला बोटाने फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "जा, छान फीर." मग प्लास्टिकच्या दोन पांढऱ्या वाट्या दोन्ही बाजूंनी आल्या आणि मिटल्या. अंधार! मला वाटलं, थोड्या वेळाने उघडतील.

उघडल्या नाहीत.

तिंद्राच्या घरी मी सोळा वर्षं राबले. उन्हाळ्यातल्या स्ट्रॉबेरीच्या केकसाठी, तिंद्राच्या तोवरच्या प्रत्येक वाढदिवसाला, क्रीम मीच फेटलं. पाहुणे म्हणायचे, "काय सुंदर मिक्सर आहे, पांढराशुभ्र!" कौतुक सगळं वाटीचं. आत घामाघूम होऊन फिरतंय कोण, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मग वाट्या पिवळ्या पडल्या, मुठीपाशी तडा गेला आणि घराने ठरवलं, मिक्सर गेला.

तिंद्राचे बाबा यर्गेन. कचरा वेगळा करण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या इमारतीत कुणी नाही. दुधाचं खोकं धुऊन, वाळवून, सपाट करूनच टाकणार! त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं, केळ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं आणि वर मार्करने जाड अक्षरांत लिहिलं: प्लास्टिक.

मित्रांनो, मला किती लागलं म्हणून सांगू! तांबं, पोलाद, गुन्वोरच्या हातचे शेकडो वेढे, आणि नाव काय, तर प्लास्टिक!

ते खोकं तळघरातल्या जाळीच्या कोठडीत गेलं. जाळीला कुलूप. जाळीत खोकं, खोक्यात वाट्या, वाट्यांत मी. तीन वर्षं मी फक्त पावलं ऐकली. येणारी आणि निघून जाणारी.

या जानेवारीत वरून यर्गेनचा आवाज आला, "शनिवारी तळघर रिकामं करायचं हं!" संपलंच होतं माझं. पण शुक्रवारी तिंद्रा स्कीचे बूट शोधायला आली. तिने मला उचललं, गंमत म्हणून भिंतीत प्लग घातला, आणि मी फिरले! जीव खाऊन फिरले.

"अय्या, हा तर ठणठणीत आहे!" असं म्हणून तिने मला कारखान्याच्या सहलीला न्यायला थेट दप्तरात कोंबलं.

कारखान्यातून परतल्यावर तिने मला लाकूडकामाच्या वर्गात नेलं. तिथल्या शिक्षिका बार्ब्रो; त्यांना सगळी मुलं नावानेच हाक मारतात. "फोडू का ग, बार्ब्रो?"

"फोड. पण मोटरला ओरखडा आला, तर महिनाभर भुसा झाडायला लावीन."

कडकन आवाज झाला. एकोणीस वर्षांनी उजेड! भुशाचा वासही पहिल्यांदाच घेतला मी.

तिंद्राने माझ्यासाठी बर्चच्या लाकडाचं घर कोरलं आणि पहिल्याच दिवशी त्याची मूठ मोडली. ती रडकुंडीला आली. बार्ब्रोने तुकडा बघितला. "लाकडाच्या रेषा मुठीला आडव्या आल्यात बघ. लाकडाला न विचारता कापलंस."

"लाकूड काय बोलतं?"

"तुझ्यापेक्षा कमी, पण बोलतं."

दुसऱ्यांदा तिने रेषा मुठीच्या लांबीत धरल्या. माझी थरथर जिरावी म्हणून आत लोकर दाबून केलेला जाड नमदा लावला. बाहेरून जवसाचं तेल तीनदा चोळलं. शाळेच्या वायरमनने तारा तपासल्या. आणि शेवटी पितळेचे चार स्क्रू. ते काढले की घर उघडतं. माझ्या घराला दार झालं!

इकडे तिंद्राच्या घरी वेगळंच चाललं होतं. नववीनंतर काय शिकायचं, त्याचा फॉर्म फेब्रुवारीत भरायचा होता. निसर्गविज्ञानाला आमच्याकडे सगळे नुसतं 'निसर्ग' म्हणतात. रोज जेवताना आईबाबांचं एकच: "निसर्गच घे. एवढं झाडापानांचं वेड तुला, तू निसर्गाचीच मुलगी." तिंद्रा बटाटे चिवडत राहायची. मला ती शांतता ओळखीची होती. तीन वर्षं मी तशाच शांततेत तर होते.

मग उपवासांच्या आधीचा सण, सेम्लाचा मंगळवार आला. सेम्ला म्हणजे वेलदोड्याचे बन, आत बदामाचा लगदा, वर क्रीम. ते क्रीम मी फेटलं, सगळ्यांसमोर!

"हा कुठला ग?" यर्गेननी मूठ कुरवाळली.

"ओळख ना, बाबा."

"आपला तो प्लास्टिकचा?"

"तो प्लास्टिकचा कधीच नव्हता."

मित्रांनो, आज मला धरणाऱ्या हाताची ऊब कळते. तडा गेला तर माझं लाकूड घासता येईल, जोडता येईल. तुमच्याकडेही कुणी असं कोंडलेलं असेल. फेकण्याआधी एकदा प्लग घालून बघा. आणि नवं काही घेताना दुकानात न लाजता विचारा, हे कशाचं बनवलंय आणि उघडतं कुठून.

तिंद्राची आई मारिका बोट चाटत म्हणाली, "फॉर्म भरलास ना? निसर्ग?"

"भरला. निसर्ग नाही, सुतारकाम."

"अगं, दिवसभर निसर्ग निसर्ग करतेस आणि..."

"म्हणूनच तर! मला लाकडालोकरीची यंत्रं बनवायची आहेत, उघडणारी. आणि बाबा, माझ्या खोक्यावरचं नाव मीच लिहिलंय. तू तुझा मार्कर ठेवून दे."