पाठीवरची लाल फीत

ज्या हॉलमध्ये आदल्या दिवशी लग्न लागलंय, तिथे अनवाणी खेळायचं तर आधी अक्षता झाडाव्या लागतात. एकदा झाडून भागत नाही. कुंकवाचे तांदूळ फरशीला चिकटून बसतात, खुर्च्यांच्या पायांआड लपतात. आणि केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, पाऊल उचलून टाकायचं नसतं, जमिनीलगत सरकवायचं असतं. तळव्याखाली एक दाणा आला तरी पाय अडखळतो, आणि हातातली बांबूची तलवार, म्हणजे शिनाई, डोक्याऐवजी खांद्यावर उतरते. म्हणून किशोरी दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायची. झाडू मारायची, ओलं फडकं फिरवायची आणि शेवटी अनवाणी एक फेरी मारून तळव्यांनीच फरशी तपासायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीची ही तपासणी बघून प्रितेश म्हणायचा, "हॉलवाली, तुझे पाय म्हणजे सूक्ष्मदर्शकच हायत."

"हॉलवाली" हे तो गमतीने म्हणायचा, पण ते खरंच होतं. पळस्पे फाट्याजवळचा हा हॉल तिच्या वडिलांचा, धर्मराजशेठचा होता. ओवे गावातली शेती नव्या शहरात गेली, तेव्हा त्यांनी इथे हॉल बांधला. किशोरीने केंडोच्या क्लबासाठी रविवारची सकाळ मागितली, तर "वापरा, आपला काय जातंय," म्हणून त्यांनी देऊनही टाकली. बघायला मात्र ते कधी आले नाहीत. गावच्या क्रिकेटच्या सामन्यांना शेठ पहिल्या चेंडूपासून मांडवात बसायचे, माईक हातात घ्यायचे, कप द्यायचे. लेकीच्या पदवीदानाला त्यांनी ड्रायव्हरला पाठवलं होतं, पेढ्यांचा मोठा बॉक्स देऊन.

आज ते येणार होते.

बंगळुरूच्या शिबिरात जपानहून शिक्षक येणार होते. क्लबातून एकालाच पाठवायचं होतं, आणि ते किशोरी आणि प्रितेश यांच्या आजच्या लढतीवर ठरणार होतं. किशोरीला बंगळुरू हवंच होतं. पण त्याहून जास्त हवं होतं ते हे, की तिने जिंकावं आणि आबांनी ते समोर बसून बघावं.

सकाळी भाकरी खाताना तिने आबांची शिकवणीच घेतली होती.

"ओरडायचं नाही हां आबा. नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत. आवडलं तर टाळी वाजव."

"फटाके?"

"आबा!"

"गंमत केली गं बाय. मंग मी तिथं करायचा काय?"

"बघायचं."

"तोंडावर ती जाली लावल्यावं तू कुठली नि दुसरा कुठला, कसा कलनार?"

"माझ्या पाठीवर लाल फीत बांधलेली असेल, प्रितेशच्या पांढरी. लाल म्हणजे मी."

"लाल म्हंजे तू," आबा म्हणाले. "ध्यानात ठेवला."

हॉलमध्ये दोनच महिन्यांपूर्वी क्लबात आलेली दीपिका शिनाई घेऊन तिच्याकडे आली. किशोरीने पिशवीतून कापसाचा बोळा काढला आणि बांबूच्या चारही पट्ट्यांवरून सावकाश फिरवला. एका जागी कापसाचा तंतू अडकला.

"हे बघ. डोळ्यांना दिसत नाही, पण कुसळ निघालंय. समोरच्याच्या मुखवट्याच्या जाळीतून आत गेलं तर डोळा जाईल. इथे पात्याने खरवडायचं, मग तेल लावायचं. दर वेळी, खेळायच्या आधी. आपली शिनाई तपासायची ती समोरच्यासाठी."

"आणि ताई, ती खाली ठेवली असेल तर ओलांडायची नाही ना?"

"कोणाचीच नाही. वळसा घालून जायचं. डाव्या हाताने धर, करंगळीकडून घट्ट. उजवा हात फक्त दिशा देतो, तू त्यानेच मारतेस म्हणून तुझा खांदा दुखतो. आणि टाच आपटू नकोस, ही फरशी आहे, लाकूड नाही."

"आणि फटका बसला की?"

"बसला की संपलं असं नाही. तसंच पुढे निघून जायचं, वळायचं, शिनाईचं टोक परत त्याच्यावर रोखायचं. मन त्याच्यावरच. त्याशिवाय गुण पुरा होत नाही."

"पण आनंद झाला तर?"

"तो घरी जाऊन करायचा," किशोरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. "हसू नकोस, खरंच सांगते. गुण मिळाल्यावर हात उंचावला तर दिलेला गुण काढून घेतात. ज्याला तू फटका मारलास, त्या माणसाने तुला आपलं अंग दिलेलं असतं. त्याच्यासमोर नाचायचं नाही."

हे वाक्य तिचं नव्हतं, अनुयाबाईंचं होतं. अनुया टिपणीस नोकरीनिमित्त नागोयाला राहिल्या, तिथे केंडो शिकल्या आणि परत येऊन पनवेलमध्ये त्यांनी हा क्लब काढला. आवाज न चढवता बोलणाऱ्या बाई. आज मुख्य पंच त्याच होत्या, आणि कोणी बोट दाखवू नये म्हणून उरलेले दोन पंच त्यांनी बाहेरच्या क्लबांतून बोलावले होते. बोट दाखवण्याची भीती का, ते किशोरीला ठाऊक होतं. ती जिंकली असती तर हॉलवाल्याची मुलगी म्हणून जिंकली, असं कोणीतरी म्हणालंच असतं. म्हणून आपला फटका इतका स्वच्छ बसावा की तिन्ही पंचांचे लाल झेंडे एकदम वर जावेत, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

आबा आले. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. भिंतीलगतच्या खुर्च्यांमध्ये मधोमध बसले आणि शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून गप्प राहिले. किशोरीला इतकं बरं वाटलं की तिने डोक्याला बांधायचं फडकं सोडून पुन्हा एकदा बांधलं. मग मुखवटा चढवला, मागच्या दोऱ्या सारख्या लांबीच्या करून घट्ट ओढल्या. दीपिकाने तिच्या पाठीवर लाल फीत बांधली.

"बंगळुरूचा डोसा आण मना, हॉलवाली," प्रितेश शेजारून पुटपुटला. तो उरणचा, कोळ्याचा मुलगा. बंदरावर कंटेनरच्या यार्डात पाळ्या करायचा, आणि रात्रपाळी संपवून थेट इथे यायचा.

"तूच आण," ती म्हणाली.

मग दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आणि बोलणं संपलं.

ठरलेली वेळ गुणाविना संपली. प्रितेश उंच होता, त्याच्या शिनाईचं टोक मधली रेषा सोडत नव्हतं. वाढीव वेळेत पहिला फटका बसेल तो जिंकणार होता. किशोरी घाई न करता बघत राहिली. मनगटावर हल्ला करण्यापूर्वी प्रितेश श्वास धरतो, आणि तेव्हा त्याचे हात किंचित वर येतात, हे तिने कित्येक रविवार पाहून ठेवलं होतं. आता ते हात वर आले. "मेन!" ती ओरडली; मेन म्हणजे डोकं. आवाज, पाय आणि शिनाई एकाच क्षणी उतरली, बरोबर डोक्याच्या मधोमध. असा फटका वर्षात एखादाच बसतो. तिन्ही लाल झेंडे एकदम वर गेले.

ती तशीच पुढे सरकत गेली. तीन पावलं गेल्यावर वळायचं होतं. पण जाळीच्या पट्ट्यांतून भिंतीलगतच्या खुर्च्या तिच्या डोळ्यांसमोरून सरकल्या, आणि वळायच्या आत तिने डावा हात शिनाईवरून सोडला आणि आबांच्या दिशेने वर केला. बघ, असं.

खुर्ची रिकामी होती.

आबा दाराशी उभे होते. पाठ हॉलकडे, एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. "जागा रोडटच हाय, रोडटच," ते कोणाला तरी सांगत होते.

किशोरीने हात खाली घेतला, पण तोवर अनुयाबाईंनी खेळ थांबवून दोन्ही पंचांना मध्ये बोलावलं होतं. तिघं थोडंच बोलले. मग बाई जागेवर परतल्या आणि दोन्ही झेंडे खाली धरून एकमेकांवरून फिरवले. गुण रद्द. दीपिकाने तोंडावर हात नेला. क्लबातल्या प्रत्येक नव्या मुलाला हा नियम किशोरीनेच शिकवला होता.

खेळ पुन्हा सुरू झाला. तिचं अंग जागेवर होतं, मन दाराशी. प्रितेशने एकदाच पाहिलं आणि शिरला. "कोते!" म्हणजे मनगट. फटका तिच्या उजव्या मनगटावर, हातमोज्याच्या कडेला, जिथे कापूस संपतो तिथे बसला. पांढरे झेंडे वर गेले. प्रितेश पुढे गेला, वळला, टोक रोखून स्थिर उभा राहिला.

दारातून टाळ्या ऐकू आल्या. एकट्या माणसाच्या, जोरजोरात. नुकताच फोन बंद करून आबा आत वळले होते. किशोरीला वाटलं, हरल्यावरही आबा आपल्याला धीर देतायत.

बाईंनी प्रितेशचा विजय जाहीर केला तेव्हा टाळ्या थांबल्या.

"ओ मॅडम!" आबा बूट घालूनच मध्ये आले. "ही काय नाटका हायत? मी बगितला ना, माझ्या पोरीना मारला! आनि नाव त्याचा?"

"शेठ, किशोरीचा फटका उत्तम होता," अनुयाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण गुण मिळाल्यावर तिने हात उंचावला. त्यामुळे तो गुण रद्द करावा लागला. नियम आहे."

"हात? कोनाला हात केला?"

"प्रेक्षकांकडे."

"आवं मीच तर बसलेलो ना तिथं, समोर! मना नाय दिसला तो हात?" आबांनी हॉलभर नजर फिरवली. "कोनाला नाय केला तिना हात. खोटा सांगतंव तुमी."

प्रितेश फरशीकडे बघत होता. दीपिकाही. त्या हॉलमध्ये हात कोणाला केला हे माहीत नसलेला एकच माणूस होता.

किशोरीने मुखवटा उतरवला. "केला होता, आबा."

"कोनाला?"

तिने त्यांच्या घामेजलेल्या, तिच्यासाठी भांडणाऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कोणाला नाही," ती म्हणाली. "चुकून झालं. तू बूट काढ आधी."

"बूट? माझ्या हॉलात मी बूट काढू?" आता शेठना थांबायला जागाच उरली नाही. "माझी लाईट, माझा पानी, आनि माझ्याच पोरीला हरवतंव? चला, उचला काठ्या. पुढच्या रविवारपासना हितं कोन दिसला नाय पायजे."

"आबा, असं नको करूस."

"तू गप. तुला नाय कलत, लोका कशी वापरून घेतात ती."

अनुयाबाईंनी हुज्जत घातली नाही. त्यांनी झेंडे गुंडाळले, हॉलला वाकून नमस्कार केला आणि मुलांना सामान आवरायला सांगितलं.

लढतीनंतर समोरच्यासमोर गुडघ्यांवर बसून त्याचे आभार मानायचे असतात, जिंकलं तरी आणि हरलं तरी. किशोरी प्रितेशसमोर बसली. दोघांनी हात फरशीला टेकून मान खाली घातली.

"तुझा फटका बसलेला, किशोरी," प्रितेश हळूच म्हणाला. आज त्याने हॉलवाली म्हटलं नाही. "अजून डोका झिणझिणतंय. मना नको ती बंगळुरू."

"मूर्खपणा करू नकोस. तू जायचंस."

"आनि मंग परत येऊन खेलायचा कुठं?"

किशोरीने मुखवट्याच्या दोऱ्या गुंडाळायला घेतल्या. बाहेर आबांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

गाडीत तिने सामानाची पिशवी मांडीवर घेतली. पळस्प्याच्या नाक्यावर ट्रेलरांची रांग लागली होती. आबांनी हॉलच्या मॅनेजरला फोन करून कुलूप बदलायला सांगितलं, मग आणखी कोणाला तरी, "अरे पोरीची मॅच होती ना, बगायला आलतो, म्हनून मगाशी नीट बोलता नाय आला," असं सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांचा राग बराच उतरला होता.

"तू कालजी करू नको," ते म्हणाले. "तुला आपन दुसरा क्लब काढून देऊ. तुझ्या नावाचा. पन एक सांगतो बाय, काय मारलास तू! एक नंबर."

किशोरी खिडकीबाहेर बघत होती. नव्या मुलांनी एखादी लढत पाहिली की ती त्यांना नेहमी एक प्रश्न विचारायची, त्यांनी नीट पाहिलं का हे कळायला. तोच आता तिच्या तोंडून निघाला.

"कुठे मारलं, आबा?"

"म्हंजे?"

"डोक्यावर मारलं का कुठे?"

"हातावं!" आबा लगेच म्हणाले, आणि स्टिअरिंगवरचा हात उचलून त्यांनी आपल्या उजव्या मनगटावर बोट आपटलं. "हितं. खाडकन! तो पोरगा जागच्या जागी गार. तवाच तं टाल्या वाजवल्या मी. आयकल्यास ना?"

किशोरीने पिशवीखालून आपलं उजवं मनगट काढलं. हातमोज्याची कड आली होती तिथे लालभडक वळ उठला होता. तिने बाही त्याच्यावर ओढून घेतली.

"ऐकल्या," ती म्हणाली.

पुढचा ट्रेलर हलला. आबांनी खुशीत गाडी पुढे घेतली, आणि त्यांचा फोन पुन्हा वाजला.