फाटकाला टेकलेली पेटी

मी बर्फाची पेटी बोलतेय. निळ्या अंगाची, पांढऱ्या झाकणाची. हो, तीच, त्या नाताळात फाटकाला टेकून बसलेली. तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतात, तसं माझं झालंय. मला तर तोंडही नाही, नुसतं झाकण. तरी आज बोलते, कारण मनात ठेवून ठेवून नासायला लागलंय.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. रॉकहॅम्प्टन शहरातल्या एका दुकानातून मर्व्हनं मला उचललं तेव्हा तो पन्नाशीचा होता. सांडासारखा मजबूत गडी. चाळीस वर्षं त्यानं एकच काम केलं: गुरांच्या कुरणांना कुंपणं घालायची आणि फाटकं बसवायची. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात बसून मासेमारीला जायची. जाताना बाटल्या, येताना मासे. लग्न असो, क्रिकेट असो, कोणाचं बारसं असो, आधी मला हाक. माझ्याशिवाय या घरात पान हलत नसे आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. चढले होते हो मी, खोटं कशाला बोलू!

नदीकडे जाताना वाटेत परक्यांची कुरणं लागायची. मर्व्हची पोरगी ट्रेसी खाली उतरून फाटक उघडायची आणि तो खिडकीतून ओरडायचा, "कसं होतं गं? बंद होतं ना? मग बंद कर!" आणि उघडं असलं तर, "हात लावू नकोस! मालकानं गुरांना पाण्यावर जायला ठेवलं असेल." फाटक जसं सापडलं तसं सोडायचं. त्या मुलखात लेकरू बोलायला लागायच्या आधी हे शिकतं. ट्रेसी शिकली. पाहुणेरावळे, शेजारीपाजारी, सगळे हेच शिकून मोठे झालेले. हे ध्यानात ठेवा.

पुढे ट्रेसीचं ग्लेनशी लग्न झालं, टिली झाली, आणि त्यांनी मागच्या अंगणात स्विमिंग पूल असलेलं घर घेतलं. तिथलं कुंपण जुनं, फाटक लोंबकळलेलं. टिली तेव्हा रांगत होती. अंगणात सगळ्यांची बैठक बसली, आणि ग्लेन बसला माझ्या झाकणावर.

"पाण्यावर जाळी टाकू," ग्लेन म्हणाला.

"आणि रोज काढणार कोण, घालणार कोण?" ट्रेसी म्हणाली. "तुझ्याच्यानं ओला टॉवेल वाळत घालणं होत नाही."

"मग भोंगा बसवू. पाण्यात काही पडलं की बोंबलतो."

"बोंबलला म्हणजे पडून झालं ना?" मर्व्ह गुरगुरला. "सासऱ्याचा धंदा काय होता ते तरी आठव, जावयबापू. कुंपण मी घालणार. नवं."

मर्व्हची बायको नोलीन म्हणाली, "घाल. टिली जरा मोठी झाली की पोहायला शिकवू. आणि मी तो बुडालेल्याला श्वास द्यायचा, छाती दाबायचा वर्ग लावते."

ग्लेन हसला. "सासूबाई, तुमचे गुडघे बघा! एकदा जमिनीवर बसलात तर उठवायला क्रेन मागवावी लागेल." सगळे हसले. मीही आतल्या आत खळखळले.

मर्व्हनं पंधरा दिवस खपून कुंपण घातलं. उभ्या गजांचं, पाय रोवायला आडवी पट्टी कुठेच नाही. फाटक पाण्याच्या उलट्या बाजूला उघडणारं, कडी मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच, बिजागरीत स्प्रिंग. वीतभर उघडून सोडा नाहीतर सताड उघडून सोडा, आपलं आपण जाऊन बसायचं: खट्! कुंपणाजवळच्या कुंड्या, खुर्च्या त्यानं लांब नेल्या, पोर चढू नये म्हणून. मलाही ढकललं पार घराच्या भिंतीशी. त्या फाटकाचा मला तेव्हापासून राग होता. कालचं आलेलं, आणि काय तो तोरा!

शिवाय मर्व्हनं एक रीत घातली. त्याची जुनी गवती टोपी ज्याच्या डोक्यावर, त्यानं फक्त पाणी बघायचं. बिअर नाही, फोन नाही, गप्पा नाहीत. टोपी दुसऱ्याला देताना म्हणायचं, "पाणी तुझं." घेणाऱ्यानं म्हणायचं, "पाणी माझं." आणि सगळे बाहेर आले, फाटक लागलं, की टोपी खांबावर अडकवायची. तेव्हा पाणी फाटकाचं.

टिली सव्वादोन वर्षांची झाली आणि तो नाताळ आला. आमच्या दक्षिणेकडच्या मुलखात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. अंगणात वीस-पंचवीस माणसं. उकडलेली कोळंबी, गार हॅम, फळं घातलेला केक. मी बर्फानं आणि बाटल्यांनी गळ्यापर्यंत भरलेली, आणि त्या दिवशी सगळ्यांना सोयीची म्हणून भिंतीपासून फाटकाजवळ आणलेली. मर्व्ह दोन्ही हातांत कोळंबीची परात घेऊन पूलच्या कडेला बसलेल्यांना वाढायला निघाला. फाटकापाशी अडला. परात खाली ठेव, कडी उचल, परात घे, तोवर खट्! दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा तो चिडला. फाटक ढुंगणानं अडवलं, पाय लांबवून मला ओढलं आणि फाटकाला टेकवून दिलं.

"दोनच मिनिटं," तो स्वतःशीच पुटपुटला.

मला काय वाटलं सांगू? लाज वाटते सांगायला. मला अभिमान वाटला. त्या तोऱ्यातल्या फाटकाला मी एकटीनं दाबून धरलं होतं.

जेवणाची हाक आली. सगळे पाण्याबाहेर आले, माझ्या बाजूनं गेले. टोपी ग्लेनच्या डोक्यावर होती. त्यानं मागे वळून पाणी पाहिलं. कोणी नव्हतं. त्यानं टोपी खांबावर अडकवली आणि ताट घ्यायला गेला. आता पाणी फाटकाचं होतं, आणि फाटक माझ्या ताब्यात.

त्यानंतर माझं झाकण एकोणीस वेळा उघडलं. एकोणीस जण वाकले, बाटली घेतली, फाटकाकडे एक नजर टाकली आणि निघून गेले. मर्व्हचं फाटक, मर्व्हनं उघडं ठेवलेलं. काहीतरी कारण असेल. जसं सापडलं तसं सोडलं त्यांनी.

टिली आली. नेहमीसारखा तिनं माझ्या गार अंगाला तळहात लावला, गाल लावला, हसली. मग माझ्या कडेनं आत गेली.

लोकांना वाटतं धप्प आवाज होतो, पोर हाका मारतं. काही म्हणजे काही झालं नाही. अंगणात कोणीतरी विनोद सांगत होतं. अगं, कोणीतरी वळा! कोणीतरी या! मी नुसती बसून. बर्फानं भरलेली, जड, ढिम्म!

विसावी नोलीन आली. बर्फ हवा होता तिला. झाकण तिनं उघडलंच नाही. तिची नजर पाण्यावर गेली.

"मर्व्ह!"

कपड्यांसकट ती पाण्यात उतरली, पोरीला काठावर घेतलं आणि त्या तापलेल्या फरशीवर तेच ते दुखरे गुडघे टेकून छाती दाबायला लागली. दाबायची, मोजायची, तोंडानं श्वास द्यायची, पुन्हा दाबायची. कोणी हसलं नाही. ट्रेसी कोणाच्या तरी हातात कोसळली होती. शेवटी टिलीनं पाणी ओकलं आणि रडली. असं रडणं, देवा, मी जन्मात ऐकलं नाही आणि इतकं गोडही काही ऐकलं नाही.

दवाखान्यातून तिला दोन दिवसांनी घरी आणलं. ते दोन दिवस ट्रेसी ग्लेनला एकच वाक्य बोलत होती: "टोपी तुझ्या डोक्यावर होती." आणि ग्लेन मान खाली घालून म्हणत होता, "हो. माझ्याच." मर्व्ह समोर बसून ऐकत होता. गप्प. मला सगळं ठाऊक होतं आणि मीही गप्प.

तिसऱ्या दिवशी मर्व्ह उठला. सगळ्यांसमोर माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाला, "पेटी मी लावली. पायानं ओढून."

ट्रेसी बघतच राहिली. "तुम्ही? बाबा, हे फाटक तुम्ही बसवलंत!"

"म्हणूनच गं. मला वाटलं नियम बाकीच्यांसाठी." मर्व्ह म्हणाला. "आणि दोन दिवस जावयाला शिव्या खाऊ दिल्या. थू माझ्या जिनगानीवर."

नोलीनचा भाऊ कोपऱ्यातून म्हणाला, "मी पाहिलं होतं उघडं. वाटलं, मर्व्हनं ठेवलंय." मग आणखी एक जण तेच म्हणाला. मग आणखी एक. ट्रेसीनं तोंड ओंजळीत लपवलं. तिनंही माझ्यातून लिंबूपाणी नेलं होतं.

मर्व्हनं रंगाचा डबा आणला आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे उघडं दिसलं तर तसं सोडू नका. मग माझ्या तळाला भोकं पाडली, माती भरली, पुदिना लावला आणि मला कुंपणापासून लांब, लिंबाखाली ठेवलं. भोकं पाडताना मला दुखलं नाही. बरंच वाटलं.

टिली आता पाच वर्षांची आहे. पोहायला शिकली, पण टोपीची रीत तशीच आहे. परवा फाटकात कोणाची तरी चप्पल अडकली होती. बोटभर फट. मोठी माणसं येत-जात होती. टिलीनं चप्पल उपसली, खट् ऐकलं, आणि मग येऊन माझ्या अंगाला तळहात लावला.

"आजोबा, ही आता गार नाही लागत," ती म्हणाली.

मर्व्ह पुदिन्याला उगाचच पाणी घालायला लागला.

तुमच्या वाटेतही असं एखादं फाटक असेल. त्याला पेटी, वीट, खुर्ची काही टेकवलेलं दिसलं तर ते कोणी ठेवलं, का ठेवलं, विचारत बसू नका. बाजूला काढा. जड असेल तर दोघं मिळून काढा. आम्हाला आपलं आपण सरकता येत नाही हो.