दोष आढळला नाही

वसुमतीने तीस वर्षं वीज कार्यालयात बसून लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली होती. तक्रार आली की तिला नंबर द्यायचा, माणूस पाठवून जागेवर पाहणी करवायची आणि फाइलवर ‘निकाली’ असा शेरा मारल्याशिवाय घरी जायचं नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही सवय काही सुटली नव्हती. जे. पी. नगरच्या घरात नळ गळायला लागला तरी ती आधी वहीत तारीख लिहायची. अशा बाईच्या पहिल्याच कथेवर एकतीस सूचना आल्या तर ती काय करणार, ते वेगळं सांगायला नको.

‘लिहिते राहू’ हा सव्वाचारशे मराठी लोकांचा फोनवरचा गट. तो चालवायचे उपेंद्र. पुण्याहून येऊन बेंगळुरूत स्थिरावलेले, सरकारी कंपनीत विमानांचे सुटे भाग तपासणारे इंजिनियर. माणूस वाईट नव्हता, फक्त समोर येईल त्या गोष्टीत त्यांना सुधारणा सुचायची. गटाचा नियम त्यांचाच: सोमवारी कथा टाकायची, बुधवारपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. गुरुवारी ‘स्वीकार’ लिहायचा, म्हणजे कोणत्या सूचना पटल्या ते सांगायचं, आणि त्या किमान तीन तरी हव्यात. रविवारी सुधारलेली कथा. “अहंकार चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा,” असं ते दर महिन्याच्या बैठकीत सांगायचे. बैठक सर्जापूर रोडला त्यांच्याच फ्लॅटवर व्हायची. त्यांची बायको प्रेमा सगळ्यांना कॉफी द्यायची आणि दाराशी खुर्ची ओढून ऐकत बसायची. तीही गटात होती, पण चार वर्षांत तिने तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं.

वसुमतीची कथा तिच्या थोरल्या बहिणीची होती. सत्यवतीअक्काने सहासष्टाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी तिने अंथरूण गुंडाळलं, “मी आता वेगळी राहते,” असं नवऱ्याला सांगितलं आणि हनुमंतनगरात एक खोली घेतली. बस्स. का, हे वसुमतीने वर्षभर विचारून पाहिलं, मग दमून विचारणं सोडलं आणि जसं घडलं तसं लिहून काढलं. अक्काने सगळं ऐकून घेतलं होतं. “सरी, चालेल, टाक तुझ्या गटात,” ती म्हणाली होती, “पण खोटं घालू नको.”

गटाने मात्र कथा पाहिली आणि कंबर कसली. कारणाशिवाय कुठलीही बाई घर सोडत नाही, असा इंदिरानगरच्या रणजीतने निकाल दिला. आश्लेषाने अक्काला एखादा आजार द्यायला सुचवलं. कुणाला खाष्ट सून हवी होती, कुणाला आजीला घरी न्यायला येणारी नात हवी होती, म्हणजे डोळे पाणावले असते. शेवटी उपेंद्रांनी लिहिलं, “ताई, भाषा गोड आहे, पण मोटिव्हेशन मिसिंग आहे. नवरा थोडा ग्रे दाखवा. एवढं करा, आपल्या गटाच्या दिवाळी अंकात पहिली कथा हीच घेतो.”

वसुमतीने वही काढली आणि एक ते एकतीस आकडे घातले. नवऱ्याने हात उचलला: सूचना चार, नऊ आणि सतरा निकाली. सून टाकून बोलली: सहा आणि अकरा निकाली. नात आली, अक्का ढसाढसा रडली आणि नातीचं बोट धरून घरी परतली. रविवारी कथा गेली आणि तिच्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. तिघींनी तर आपण रडलो असं लिहिलं. पहिली जागा नक्की झाली. शाळा सुटल्यापासून वसुमतीचा कशातच पहिला नंबर आला नव्हता, त्यामुळे ती हवेतच होती. खोटं का बोला, तिला फार आनंद झाला होता.

त्याच भरात शुक्रवारी तिने मोठ्या अक्षरांत कथा छापून घेतली आणि अक्काची खोली गाठली. दार उघडलं तर आत खुर्चीवर भावोजी.

भीमाचार्य दर शनिवारी अकरा वाजता यायचे. परसातल्या कढीपत्त्याची जुडी आणायचे, अक्काच्या हातची कॉफी घ्यायचे आणि जायचे. उद्या एकादशी होती, त्या दिवशी ते पाण्याचा थेंबही घेत नसत, म्हणून या वेळी एक दिवस आधी आले होते. पंचांग बघून नखं कापणाऱ्या घरात वाढलेली वसुमती नेमकी एकादशी विसरली होती.

“आणलीस?” अक्काने कागद घेतले आणि नवऱ्यापुढे धरले. “माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. तुम्हीच वाचा की.”

“नंतर वाचू, भावोजी. कॉफी निवेल,” वसुमती घाईघाईने म्हणाली.

पण जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेला माणूस तो, हातात कागद आला की थांबणार कसा? त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर ‘त्याने तिच्यावर हात उचलला, आणि ही काही पहिली वेळ नव्हती’ हे वाक्य त्यांनी वाचलं आणि ते थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला आणि शेवटापर्यंत वाचत गेले. एक शब्द गाळला नाही. वसुमतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

“अक्षर मोठं छापलंस ते बरं केलंस,” कागदांची घडी घालत ते म्हणाले. “येतो मी.” अर्धी कॉफी तशीच राहिली.

अक्काने तो पेला उचलून मोरीत नेऊन ठेवला. मग म्हणाली, “ह्यांनी उभ्या जन्मात माझ्यावर आवाज चढवला नाही, वसू.”

“लोकांना कारण हवं होतं, अक्का. स्वल्प बदललं…”

“कुठल्या लोकांना? अठराव्या वर्षी मला उचलून ह्यांच्या घरी नेऊन ठेवलं, तेव्हा विचारलं कुणी कारण? अठ्ठेचाळीस वर्षं राहिले, का राहतेस म्हणून विचारलं कुणी? आता एक खोली घेतली, तर सव्वाचारशे माणसं कारण मागायला उभी! आणि तू दिलंस ते. ह्यांना मारकुटा ठरवून दिलंस.” ती रडली नाही. कथेतल्या अक्कासारखी ती कधीच रडली नव्हती.

वसुमती तिथून थेट भीमाचार्यांच्या घरी गेली. ते परसात झाडांना पाणी घालत होते.

“भावोजी, चुकले मी.”

“बैस.” त्यांनी नळ बंद केला. “ती का गेली ते मलाही माहीत नाही. मी विचारलं नाही. जायचं होतं, गेली. शनिवारी कॉफी देते की नाही? मग झालं.”

रिक्षात बसल्यावर वसुमतीला आधी लाज वाटली, आणि जे. पी. नगर येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली. राग पहिल्यांदा स्वतःचाच. ज्या माणसाने कुणाचं काही बिघडवलं नाही, त्याच्या माथी तिने मारहाण लावली होती, आणि कशासाठी, तर दिवाळी अंकातल्या पहिल्या पानासाठी! मग राग गटाचा. घरी पोचताच तिने सुधारलेली कथा गटातून काढून टाकली. पंधरा मिनिटांत उपेंद्रांचा फोन.

“ताई, काय झालं? अंक उद्या फायनल होतोय!”

“ती कथा खोटी आहे. जुनी टाकतेय.”

“अहो, फिक्शन आहे ते! आणि जुनी टाकलीत तर पहिली जागा सोडा, अंकातच घेता येणार नाही. किमान तीन सूचना स्वीकारायला लागतात. नियम सगळ्यांना सारखा.”

“मी एकतीस स्वीकारल्या होत्या, उपेंद्र. तिथेच चुकले. नका घेऊ अंकात.”

“फीडबॅक इतका मनाला लावून घ्यायचा नसतो, ताई.”

“मी लावून घेतला नाही. परत करतेय,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मग ती टेबलापाशी बसली, आणि कार्यालयात कन्नडमधून हजार वेळा लिहिलेलं उत्तर तिने आयुष्यात पहिल्यांदा मराठीत लिहिलं:

“सूचना क्रमांक १ ते ३१ मिळाल्या. जागेवर जाऊन पाहणी केली. दोष आढळला नाही. मधल्या आवृत्तीत नवऱ्याने हात उचलला असं होतं. ते खोटं आहे आणि ते मी लिहिलं. मूळ कथा सोबत जोडली आहे. शेवटी फक्त बहिणीचं बोलणं घातलं आहे, तिच्याच शब्दांत.”

गट चांगलाच तापला. ताईंना टीका सोसत नाही, असं रणजीतने लिहिलं. आश्लेषाने आपले बदाम परत घेतल्याचं जाहीर केलं. कुणीतरी नियमावलीच परत टाकली. वसुमतीने एकालाही उत्तर दिलं नाही. तिची मान ताठ होती, पण या गटाशिवाय तिचं लिखाण वाचणारं दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी उपेंद्रांनी लिहिलं, “पुन्हा शांतपणे वाचली. सॉरी ताई, पण त्या बाईने घर का सोडलं याचं कारण अजूनही मिळत नाही.”

मिनिटभराने त्याखाली एक ओळ आली. नाव बघून वसुमतीने चष्मा पुसला आणि परत बघितलं. प्रेमा. चार वर्षांतली तिची पहिली अक्षरं.

“मला मिळालं.”

उपेंद्र काहीतरी टाइप करताहेत, असं वर दिसू लागलं. थांबलं, परत दिसलं, परत थांबलं. वसुमती फोन हातात धरून वाट बघत राहिली, पण काहीच आलं नाही. त्या वेळी ती दोघं एकाच घरात बसलेली असणार.