तिसऱ्या पायाचा खटका

तीन पाय असून ज्याला स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, असा मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो. कॅमेरा डोक्यावर घ्यायचा आणि गप्प उभं राहायचं, एवढंच माझं काम. तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण? एकदा लग्नाच्या मांडवात तीन तास उभे राहून बघा. पोरं पायात येतात, वऱ्हाडी अंगावर सरबत सांडतात, आणि वर ऐकावं लागतं, “ह्याला कोणी मध्ये ठेवला?”

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. रोह्याच्या दत्तात्रेयकाकांनी फोटो स्टुडिओ काढला, तेव्हा मुंबईहून एसटीने मला मांडीवर ठेवून आणलं, ते मात्र लख्ख आठवतं. पाटावर उभं करून त्यांनी मला कुंकू लावलं होतं. पुढची वीस वर्षं पेण-रोह्यातलं एकही कार्य माझ्याशिवाय पार पडलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. काका अभिमानाने सांगायचे, “माणूस हलेल, माझा ट्रायपॉड हलायचा नाय.”

मग नागोठण्याच्या एका हळदीत नाचणारा पाहुणा माझ्यावर येऊन आदळला आणि माझ्या तिसऱ्या पायाचा आधीच झिजलेला खटका सैल झाला. खटका म्हणजे पाय हव्या त्या उंचीवर घट्ट पकडून ठेवणारी कळ. ती सैल झाली की पाय हळूच खाली सरकतो आणि चित्र कलतं. “बदलू की,” काका म्हणाले. ते बदलू-बदलू चार वर्षं चाललं. तोवर उडणारे कॅमेरे आले, हातात धरून पळत फिरवायच्या काठ्या आल्या, आणि मी स्टुडिओतल्या हंस रंगवलेल्या पडद्यामागे जाऊन पडलो. राग येतो, मित्रांनो. काम करून मोडलेल्याला कोपऱ्यात टाकतात, आणि त्याच्याच कामाचे फोटो भिंतीवर लावतात.

तिथून मला बाहेर काढलं ते काकांच्या पुतणीने, नम्रताने. ही पोर माझ्या पायांत खेळतच मोठी झालेली. आठवडाभर कंपनीत शिफ्ट करायची आणि शनिवार-रविवार पनवेलला सिनेमाच्या वर्गाला जायची. गाडीत मला मांडीवर आडवा टाकून ती वहीत काहीबाही लिहायची आणि मागची पानं स्वतःशीच पुटपुटत वाचायची. त्यातलं एक मी पाठच केलंय.

“आज प्रणित सरांनी विचारलं, कॅमेरा सारखा का हलवलास? म्हटलं, बघणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून. सर म्हणाले, बघणाऱ्याला की तुला? सगळे हसले. आठ महिने झाले. बटणं सगळी कळतात, बघता मात्र येत नाही. मग शिकले काय, डोंबल?”

आता शेवटची फिल्म करायची होती. एक माणूस आणि त्याचं एक काम, एवढाच विषय. ती जमली तर पुढच्या वर्षाला प्रवेश. नाही जमली तर वर्ग बंद, असं घरच्यांनी बजावलं होतं. सर म्हणाले होते, “ट्रायपॉड लावायचा. आणि हात लावायचा नाही.” म्हणून माझी आठवण झाली, माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे!

तिने निवडलं हमरापूरच्या धोंडुबाईंना. हमरापूर म्हणजे घरोघरी गणपतींचे कारखाने. धोंडुबाई चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखत आल्या होत्या. अंग कोणीही रंगवावं, डोळे त्यांनीच. पण आता त्यांच्याच डोळ्यांवर सारा येऊन धूसर दिसू लागलं होतं, हात कापत होता. यंदाचा हंगाम शेवटचा, हे त्यांनी मुलाला, निकेशला, सांगून टाकलं होतं.

पहिल्याच रविवारी सगळं बिनसलं. रंग फवारायच्या मशीनचा घरघराट, प्लास्टिकच्या छतावर पावसाची ताडताड, मध्येच वीज जायची-यायची. नम्रता मला इथून उचल, तिथे ठेव, करत राहिली. धोंडुबाईंनी एका मूर्तीचं बुबुळ भरलं, कड ओढली. शेवटी पांढऱ्या रंगाचा कणभर ठिपका द्यायचा असतो. तो दिला की मूर्ती बघायला लागते, असं तिथे मानतात. त्यांनी कुंचला उचलला आणि नेमका माझा तिसरा पाय सरकला. कॅमेऱ्यात डोळ्याच्या जागी सोंड आली. ठिपका देऊन झालासुद्धा.

“शी! मावशी, गेलं ते,” नम्रता वैतागून म्हणाली. “पुन्हा एकदा कराल का? पुसून टाका ना ठिपका, परत द्या.”

कारखान्यातले सगळे हात थांबले. निकेशने मशीन बंद केलं.

“पुसू?” धोंडुबाई म्हणाल्या. “अगो बाय, ठिपक्याच्या आधी चुकलं तर मी धा येला पुशीन. पन उघडलेला डोला कोन मिटवतो? तुजा कॅमेरा बघला नाय म्हनून द्येवाला आंधला करू?”

“ताई, आवरा तुमचं,” निकेश म्हणाला. “आमच्या कामाची खोटी होतेय.”

परतीच्या गाडीत नम्रताने मला सीटखाली ढकललं. रोह्याला उतरल्यावर स्टुडिओत आली आणि मला भिंतीवर आपटून म्हणाली, “ह्या भंगारामुळे झालं सगळं!” नाचता येईना, अंगण वाकडं! माझा खटका सैल होता हे खरं, मित्रांनो. पण पुसायला मी सांगितलं होतं का?

काका लग्नाचा अल्बम चिकटवत बसले होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी हातातला फोटो खाली ठेवला.

“तुझी चूक नाय गो,” ते म्हणाले. “तू माझंच बघून शिकलीस. हार घातलेला नीट आला नाय की मी म्हनायचो, नवरदेव, पुन्हा घाला. एकदा तर वाशीच्या लग्नात मंगळसूत्र सोडून परत बांधायला लावलं. नवरी रडायला लागली. मी म्हटलं, रडू नका, काजळ पसरतं.”

मीही तिथेच होतो. त्या नवरीकडे रोखलेला कॅमेरा माझ्याच डोक्यावर होता, आणि मला तेव्हा फक्त आपण हललो नाही याचं कौतुक वाटलं होतं. लाज वाटायला मला एवढी वर्षं लागली.

पुढच्या रविवारीही नम्रताने वर्ग बुडवला. हमरापूरला गेली. मला कारखान्याच्या दारात टेकवलं आणि कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. धोंडुबाईंनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती आपली वाट्या धुऊन देत, कुंचले पुसत बसली. त्यानंतर रोज शिफ्ट सुटली की ती मला घेऊन येऊ लागली. तारीख जवळ येत होती, हातात एक दृश्य नव्हतं. वहीत लिहायची, “वेळ फुकट चाललाय. वेड लागेल.” पण दोन दिवसांनी लिहिलं, “मावशी ठिपका देण्याआधी श्वास रोखतात. मग हात कापत नाही. हे मला त्या दिवशी दिसलंच नव्हतं.”

शेवटी एकच मूर्ती उरली, धोंडुबाईंच्या घरच्या गणपतीची. दर वर्षी ती त्या सगळ्यात शेवटी करत. कुंचला धुताधुता त्या म्हणाल्या, “लाव गो तुजं त्ये तिनपायी. पन एकदाच हां.”

नम्रताने मला उभं केलं. घाईगडबड न करता, जमीन चाचपून. कॅमेरा सुरू केला. धोंडुबाईंनी बुबुळ भरलं, कड ओढली. आणि मला जाणवलं, माझा तिसरा पाय पुन्हा सरकतोय. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा जोर मी लावला, पण झिजलेल्या खटक्याचं काय चालणार?

तेवढ्यात नम्रता खाली बसली. तिने दोन्ही हातांनी माझा पाय घट्ट धरला. तिथून तिला कॅमेऱ्याचा पडदा दिसत नव्हता. चित्र नीट येतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. हात अवघडले, गुडघ्याखाली रंगाचे ओघळ गेले, तरी ती हलली नाही. मान वर करून ती नुसती बघत राहिली. धोंडुबाईंनी श्वास रोखला. हिनेही रोखला. ठिपका पडला.

“जालं,” धोंडुबाई म्हणाल्या. मूर्तीच्या अगदी जवळ डोळे नेऊन त्या बघत होत्या. “मना नीट दिसत नाय. तू सांग, बघतोय का त्यो?”

“बघतोय, मावशी,” नम्रता म्हणाली. तिने अजून माझा पाय सोडला नव्हता.

फिल्म वेळेत पोचली. प्रणित सर म्हणाले, चित्र जरासं कललंय, पण राहू दे. प्रवेशाचं अजून कळायचं आहे. धोंडुबाईंनी कुंचले सुनेकडे दिले.

आणि मी? मी पुन्हा हंसांच्या पडद्यामागे आहे, मित्रांनो. नम्रता येता-जाता माझ्या डोक्यावर थोपटते आणि म्हणते, “तुझा खटका बदलू की रे.” बदलू की! वीस वर्षं मी तुमचे क्षण धरून ठेवले, माझा पाय मात्र एकदाच कोणीतरी धरला. तुमच्याही घरात कुठेतरी असा सैल खटका असेल, एखाद्या वस्तूचा नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा. तो आजच बघा. दर वेळी पाय धरायला कोणी खाली बसेलच असं नाही, आणि ठिपका एकदाच पडतो.