हौदाचं मौन

सन १९७४. दुष्काळाचे टँकर बंद होऊन फार दिवस झाले नव्हते. मार्चमधल्या एका सकाळी सोलापुरातल्या आमच्या गल्लीत एवढी लांब रांग दिसली, की मला वाटलं रॉकेल आलं. डबा घेऊन धावले. पाहते तर लोकांच्या हातांत तांब्या, कळशी, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. रॉकेल नव्हतं, तीर्थ होतं. आणि ते मिळत होतं शेजारच्या बसवराजांच्या पोहण्याच्या हौदात!

हौद हौसेचा नव्हता. बसवराज चादरींचे कारखानदार. त्यांच्या नऊ वर्षांच्या नीलांबिकेचा डावा पाय पोलिओनं वाळला होता. "रोज पाण्यात चालवा, वाढत्या वयातच पाय सुधारेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बापानं बंगल्यामागे हौद बांधला आणि पुण्याहून वाळूचा फिल्टर आणला. लोखंडी पिंपात खाली खडी, वर वाळू. पाणी हळूहळू झिरपतं, घाण वाळूत अडकते. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं, मोटर अर्ध्या हॉर्सची लावा, वाळू चाळून भरा आणि अधूनमधून उलटं पाणी सोडून धुवा.

पण बसवराजांकडे विहिरीवरची पाच हॉर्सची मोटर पडून होती.

"हळूहळू काय गाळायचं, बाई? आपली मोटर तासात सगळा हौद फिरवती की!" ते मला म्हणाले.

फिरवलाच. पाण्याच्या जोरानं न चाळलेल्या वाळूत भोकं पडली आणि शेवाळ आत गेलं तसंच पलीकडून बाहेर आलं. हौद पालकाच्या भाजीसारखा हिरवागार झाला. दोष अर्थातच मोटरचा नव्हता, वास्तूचा होता. आणि वास्तूचा दोष म्हटल्यावर निर्मळप्पा महाराज आले.

"यंत्रानं गंगा कोंडली हाय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मोटर बंद! हौदाला मौन. कुणी पाण्यात बोट बी घालायचं न्हाय."

मग पाटीभर भस्म हौदात पडलं, शिष्यानं बांबूनं ढवळलं आणि मौन सुरू झालं. दोन दिवसांत पाणी काचेसारखं! तळाशी हिरवट मऊ थर होता खरा, पण ती म्हणे गंगेची गादी.

शिष्य वरचं पाणी अलगद काढून देई आणि गल्ली तीर्थ प्यायली. चार घरी पोटं बिघडली. "पाप भाईर पडतंय," असं महाराजांनी निदान केलं. औषध काय, तर आणखी तीर्थ!

"मी कधी उतरू?" नीलानं विचारलं.

"तीर्थात पाय घालत्यात व्हय, बाळ? पीत जा. पाय आपोआप चालंल."

म्हणजे जिच्या पायासाठी हौद बांधला, तिलाच त्यात पाय घालायची बंदी. बसवराजांनी मान डोलावली. त्यांच्या बायकोनं, दाक्षायणीनं, मात्र नाही डोलावली. दुपारी महाराजांच्या पाटीतलं चिमूटभर भस्म घेऊन ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे.

"अक्का, चाखून बघ. लहानपणापास्नं भस्म लावतोय आमी. ओठाला लागतंय, जिभेला लागतंय. पण जीभ अशी कधी आखडली न्हाय."

मी चाखलं. चक्क तुरटी!

दुसऱ्या दिवशी मी भर गर्दीत काचेची बरणी कठड्यावर ठेवली. फिल्टरच्या पिंपात उरलेलं हिरवं पाणी तिच्यात भरलं, वाण्याकडची कुटलेली तुरटी आणि चुलीतली राख टाकून ढवळलं.

"मंत्र कुठाय?" महाराज हसले.

"म्हणते की!" आणि मी तेराचा पाढा म्हटला.

तासाभरात वरचं पाणी निवळलं, घाण बुडाशी बसली. पुढं उभी असलेली म्हातारी चंद्रव्वा ओरडली, "अगं बया! टँकरच्या पाण्याला मी रोज हेच करत हुते की!"

"मग तुझ्या पाया कोण पडलं, चंद्रव्वा?" मी विचारलं.

लोक हसले. महाराज नाही हसले. "त्या बरणीत घाण हाय. हौदात गंगेची गादी हाय!"

दाक्षायणी मुलीकडे वळली. "उतर, नीला."

बसवराज पुढं झाले, पण तोवर नीला कठडा धरून पाण्यात उतरली होती. तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. प्रत्येक पावलासरशी तळातून हिरवा लोट उसळला. हौदाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत तीर्थाचा परत पालक झाला.

"आप्पा, गादी फाटली की!" नीला बापाला म्हणाली.

महाराज मागच्या दारानं निघून गेले. त्यांचं तेवढं एक मौन खरं.

तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही; पोटं बिघडली ती त्यामुळं. डोळ्यांना नितळ दिसतं ते सगळं स्वच्छ असतंच असं नाही. कुणी चमत्कार दाखवून "हात लावू नका" म्हणालं, तर आधी हात लावून बघा. एवढंच माझं मागणं आहे.

अर्ध्या हॉर्सची मोटर आली. दाक्षायणीनं रव्यासारखी वाळू चाळली, पाण्यात ब्लीचिंग पावडर पडू लागली आणि नीला त्या उन्हाळ्यात रोज पाण्यात चालली. बसवराज मरेपर्यंत पाहुण्यांना फिल्टर असा समजावून सांगत, जणू त्यांनीच शोधला. महाराज पुढं कुठंतरी कावीळ उतरवत होते म्हणे. हौदांचा नाद त्यांनी सोडला; हौदात पोरं उतरतात. चंद्रव्वा शेवटपर्यंत घागरीत तुरटी फिरवत राहिली, आणि नंतर पाणी उकळूही लागली. हौद बुजला, तिथं आता मोटारी उभ्या असतात.

दाक्षायणी गेली. नीला गुलबर्ग्याला असते; थोडी लंगडते, पण जिने काठीशिवाय चढते. आईसारखंच रोज भस्म लावते. नवीन आणलं की आधी चाखून बघते.