अबोल्यात ब्रेकची हवा

उकव्याला लेकीच्या, प्राचीच्या मुलीचं बारसं उद्यावर आलं होतं, वाटेत घाट, आणि नीळकंठरावांच्या गाडीला ब्रेक नव्हता. होता तो त्यांनीच काढला होता. जुन्या रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या नव्या, त्याही स्वतःच्या हातानं बसवल्या. आता नळ्यांत शिरलेली हवा काढायची, आणि त्याला दोन माणसं लागतात: एक खाली पाना घेऊन, एक वर पेडलवर.

वरचं माणूस म्हणजे कालिंदीबाई. त्यांचा नवऱ्याशी अबोला होता. त्यांच्या भावासमोर नीळकंठराव बोलले होते, "तुले काय कळते गाडीतलं?" बाईंनी ते वाक्य जपून ठेवलं होतं. नातीसाठी पाय देते म्हणाल्या, शब्द नाही.

मग निरोप न्यायला कुंपणापाशी शेजारचे चैतराम उभे राहिले.

"चैतराम, तिले सांग, दाबून धर."

"वहिनी, साहेब म्हणून राह्यले, जरा मेहरबानी करून दाबून धरा."

"मेहरबानी कोण म्हणलं बे?"

"दाबलं म्हणा त्याईले," कालिंदीबाई म्हणाल्या.

चैतराम हे सजवून सांगेपर्यंत बाईंचा पाय दुखून वर यायचा. त्याच वेळी नीळकंठराव हवा सोडायचा बोल्ट सैल करायचे, आणि जेवढी हवा निघाली होती तेवढी पुन्हा आत. ऑईल अर्धं संपलं, नळीतले बुडबुडे तेवढेच. शेवटी चैतरामांना घरून जेवायला हाक आली, आणि ते आनंदानं गेले.

अंगण शांत झालं.

"दाब," नीळकंठराव काढून ठेवलेल्या चाकाला म्हणाले.

हॉर्न वाजला. पाय खाली होता. त्यांनी बोल्ट सोडला, आवळला.

"सोड."

पुन्हा हॉर्न. मधला माणूस गेल्यावर काम भराभर चाललं, बुडबुडे थांबले.

"कडक लागते का पेडल?"

हॉर्न.

"हा हॉर्न हौ होय का नाही?"

हॉर्न.

पेडल कडक की मऊ, हे फक्त त्या पायालाच ठाऊक. ऑईलनं माखलेले नीळकंठराव बाहेर आले, गाडीच्या दारापाशी उभे राहिले.

"सांग ना वं. उद्या घाट उतरायचा आहे."

"मले काय कळते गाडीतलं?"

त्यांनी कुंपणाकडं पाहिलं. कोणी नव्हतं.

"तुलेच कळते," ते पुटपुटले.

"जोरानं म्हणा. चैतरामभाऊ आत जेवून राह्यले, त्याईले ऐकू नाही जाणार."

"तुलेच कळते!"

पलीकडं खिडकी उघडली.

"दगडासारखं कडक आहे," कालिंदीबाई म्हणाल्या. "चाकं लावा आता."

दुसऱ्या दिवशी घाटात प्रत्येक वळणाआधी त्या म्हणत, "दाबा." आणि नीळकंठराव दाबत.