माझ्या पोटातून गेलेले कुंपण

मित्रांनो, मी दोन घरांमागचे खेळाचे मैदान आहे. जुना म्हणवून घेण्याइतके माझे वय नाही, जेमतेम सात वर्षे. पण माणसांच्या भांडणात सापडलेली वस्तू लवकर म्हातारी होते. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

अमेरिकेतल्या युटामध्ये थेन आणि गार्थ ऑस्टलर या सख्ख्या भावांची घरे पाठीला पाठ लावून उभी आहेत. थोरला थेन, धाकटा गार्थ. थेनची मुलगी केल्सा आठ वर्षांची असताना बास्केटबॉलच्या नादी लागली. एकाच्या परसात मैदान मावेना, म्हणून भावांनी मधले कुंपण काढले आणि दोन्ही परसांवर मिळून मला बांधले. डेलस नावाच्या म्हाताऱ्या कंत्राटदाराने थेनच्या कडेपासून गार्थच्या कडेपर्यंत बारा पोलादी तारा टाकल्या आणि वर काँक्रीट ओतले. आठवड्याने जॅक लावून एकेक तार ताणली. त्या ताणामुळेच मी अखंड राहतो, नाहीतर तिथल्या थंडीने माझे केव्हाच तुकडे केले असते. कोपऱ्यात त्याने ठसठशीत अक्षरे उमटवली: 'आत ताणलेल्या तारा. कापू नका. भोक पाडू नका.' तारा नेमक्या कुठे आहेत त्याचा नकाशा गार्थच्या गॅरेजात गेला. दोघे भाऊ माझ्या कडेवर बसून रूट बिअर नावाचे गोड, बिननशेचे पेय प्यायले.

रिंग गार्थच्या बाजूला आली आणि जिच्यावर उभे राहून नेम धरतात ती फ्री थ्रोची रेघ थेनच्या बाजूला. तेव्हा ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

सहा वर्षे माझे फार कौतुक झाले. केल्साला शिकवायचा तो गार्थच. बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो ओरडायचा, "कोपर आत घे गं. पंख काय फडफडवतेस, कोंबडी आहेस का?"

"काका, तुझा तरी एक जातो का आत?" केल्सा म्हणायची.

मग गार्थने कोणाला न विचारता माझ्यावर पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाच्या रेघा मारल्या आणि दर रविवारी मित्र जमवू लागला. थेन चर्चमधला मानाचा माणूस. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचे नाही, हा त्याच्या घरचा कडक नियम. लाकडी बॅटींची टॉकटॉक ऐकून त्याचे डोके फिरायचे.

"रविवारी नको म्हणून किती वेळा सांगायचं तुला?" एके दिवशी तो गार्थवर धावून गेला.

"तुझा रविवार तुझ्या बाजूला ठेव. मी माझ्या बाजूला खेळतोय."

"सगळं चर्च मला विचारतंय, तुमच्या परसात चाललंय काय म्हणून."

"मग सांग ना, भाऊ वाया गेलाय. नाहीतरी सांगतोसच की."

"बाजू हवी ना तुला? थांब, देतो तुला बाजू."

थेनने माझ्या मधोमध पुन्हा कुंपण घालायचे ठरवले, तेव्हा शाळेच्या संघाची निवड दीड महिन्यावर आली होती. केल्सा आता चौदा वर्षांची होती आणि त्या संघाखेरीज तिला दुसरे काही सुचत नव्हते. ती बापाला म्हणाली, "बाबा, कुंपण निवडीनंतर घाला ना."

"तुझी रेघ आपल्याच बाजूला आहे."

"आणि रिंग?"

थेन भाड्याचे ड्रिल आणायला निघून गेला.

शनिवारी तो त्या अक्षरांवर उभा राहिला. त्याने ती वाचली, मी पाहिले. पण नकाशासाठी गार्थचे दार ठोठावावे लागले असते. "चार-चार फुटांवर आहेत, मला आठवतंय," असे स्वतःशीच पुटपुटत त्याने ड्रिल टेकवले. पहिले भोक निभावले, दुसरेही निभावले. तिसऱ्याला माझ्या आत तार तुटली. तिचे टोक गार्थच्या कडेतून सुसाट बाहेर आले, हिरवळ फाडून त्याच्या बाकात घुसले. बाक रिकामा होता, एवढेच नशीब.

आवाज ऐकून गार्थ बाहेर आला. त्याने बाकाकडे पाहिले, मग भावाकडे. थेनचा चेहरा पांढराफटक पडला होता. 'लागलं का तुला?' एवढे विचारले असते तरी पुरे होते.

"आता मारायलाही निघालास?" गार्थ म्हणाला आणि आत गेला.

डेलस येऊन बघून गेला. "तार बदलता येते," तो थेनला म्हणाला, "पण दोन्ही टोकांना खणावं लागेल. इकडंही आणि तिकडंही. गार्थला विचार."

"मी नाही विचारणार."

"मग बर्फ पडेपर्यंत बसा दोघं तोंड फुगवून," म्हातारा म्हणाला.

थेनने त्याच भोकांत खांब रोवून कुंपण पुरे केले. सहा फूट उंच. रिंग दहा फुटांवर असते, म्हणून केल्सा रेघेवर उभी राहून कुंपणावरून चेंडू टाकू लागली. चेंडू रिंगच्या जाळीतून पलीकडे पडायचा. गार्थ तो उचलून परत फेकायचा. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी थेन खिडकीतून ओरडला, "त्याच्या हातचा चेंडू घ्यायचा नाही."

पलीकडे गार्थ चेंडू हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"राहू दे, काका," केल्सा म्हणाली आणि घरात गेली.

हिवाळ्यात भोकांतून पाणी शिरले, गोठले, आणि भेग थेट फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत आली. शाळेच्या जिममध्ये एकटीने सराव करून केल्सा संघात गेली. ही बातमी तिने बापाला सांगितली नाही, काकालाही नाही. एका दुपारी ती संघाचा नवा शर्ट घालून भेगेवर येऊन उभी राहिली. हात रिकामे होते. कोपर आत घेऊन तिने नसलेला चेंडू कुंपणावरून टाकला. दोन घरांच्या दोन खिडक्यांत दोन माणसे उभी होती. दोघांपैकी एकही बाहेर आला नाही. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही.

मित्रांनो, माझी निगा राखणे कठीण नाही. पाने झाडावीत, बर्फ साचू देऊ नये, आणि भोक पाडण्याआधी शेजारच्या दारावर थाप मारावी. माझ्यात अजून अकरा तारा थेनकडून गार्थकडे ताणलेल्या आहेत. नकाशा अजून गार्थच्या गॅरेजातच आहे. पूर्वी थेनच्या दारापासून तिथपर्यंत चाळीस पावले होती. आता रस्त्याने वळसा घालून चारशे होतील.